दुसऱ्यांदा मराठवाड्यात येताय, तर तिथी बघून या

ताई, तुमच्या प्रश्नाचा गाभा मला असा कळला. आठेक वर्षांपूर्वी तुम्ही नाशिकहून तीन दिवसांसाठी आलात आणि अजिंठा, वेरूळ, देवगिरी, बीबी का मकबरा पाहून परत गेलात. आता डिसेंबरात सहा दिवस मोकळे आहेत. सोबत आई आणि कापडाचं डिझाईन शिकणारी मुलगी. इथलं खास असं काय प्यावं, कुठली कला कुठे बघावी, पैठणी आणि हिमरू कापड फसवणूक न होता कसं घ्यावं, आणि लेण्यांपलीकडचा मराठवाडा कसा भेटेल, हे तुम्हाला हवं आहे.

चोवीस वर्षं मी पाहुण्यांना हा मुलूख दाखवतो आहे. माझं गाव लातूर जिल्ह्यातल्या औशाकडचं, पोट भरतं छत्रपती संभाजीनगरात. पहिल्यांदा येणाऱ्याला मी ठिकाणांची यादी देतो. दुसऱ्यांदा येणाऱ्याला पहिल्यांदा विचारतो, तुमच्या तारखा हलतात का? तुमच्या हलत असतील तर पंचांगात मार्गशीर्ष अमावस्या शोधा आणि सुट्टी तिच्याभोवती सरकवा. कधी ती डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात येते, कधी जानेवारी उजाडतो. आमच्याकडे तिला वेळ अमावस्या म्हणतात, बोलीत येळवस. लातूर, धाराशिव आणि त्यांना लागून असलेल्या बीड-नांदेडच्या काही भागांत हा वर्षातला सगळ्यात मोठा सण. दिवाळीला गावी न येणारी पोरंसुद्धा येळवशीला पुण्या-मुंबईहून येतात.

त्या दिवशी गाव रानात जातं. ज्वारीच्या शेतात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप, म्हणजे खोपी, केलेली असते. आत पाच दगड चुन्याने रंगवून मांडतात, ते पांडव. घरची बाई डोक्यावर टोपली घेऊन येते, आणि घरातलं दुसरं कुणीतरी आंबिलीची, म्हणजे ज्वारीच्या आंबवलेल्या पेयाची, बिंदगी आणतं. बिंदगी म्हणजे लहान तोंडाचं मातीचं मडकं. पूजा झाली की शेताला फेरी मारत 'ओलगे ओलगे सालम पोलगे' असा गजर करतात आणि आंबील शिंपडतात. हे शब्द कानडी वळणाचे आहेत. येळ्ळ अमावस्या म्हणजे कानडीत सातवी अमावस्या, असा त्याचा उलगडा जुनी माणसं करतात. आमचा हा पट्टा कर्नाटकाच्या सीमेला लागून, त्यामुळे सणही दोन भाषांतून आलेला आहे. जेवणात भज्जी असते. तिला तळलेली भजी समजू नका. तूर, हरभरा, वाटाणा, वालाचे दाणे, मेथी, चुका, कांद्याची पात, रानात जे हिरवं मिळेल ते सगळं बेसनात शिजवलेली ती भाजी. सोबत बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, गव्हाची खीर. आणि या सगळ्यावर आंबील, पुन्हा पुन्हा, ग्लास भरून.

तुम्ही इथल्या खास पेयाबद्दल विचारलंत, तर माझं उत्तर हेच आहे. ज्वारीचं पीठ आदल्या दिवशी ताकात भिजवून आंबू देतात. दुसऱ्या दिवशी पाण्यात सैलसर शिजवतात, पूर्ण गार होऊ देतात आणि मग त्यात आंबट ताक, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, जिरं, मीठ आणि भरपूर कोथिंबीर घालतात. काही घरांत पिठाऐवजी कण्या शिजवतात, ती आंबील दाटसर होते आणि चावून प्यावी लागते. पहिला घोट शहरी जिभेला आंबट आणि उग्र लागतो. तिसऱ्या ग्लासापर्यंत थांबा. मातीच्या मडक्यातला गारवा, लसणाचा झणका आणि ज्वारीची किंचित गोडी ही चव हॉटेलात तयार होत नाही, कारण हॉटेलात आंबायला ठेवायला वेळ नसतो आणि मडकंही नसतं. महालक्ष्म्यांच्या नैवेद्यातही आमच्याकडे आंबील लागतेच. तिथे ती वाटीभर असते. येळवशीला मात्र ती पोट भरून प्यायची.

आंबिलीच्या मागे गेलात तर आपोआप बरंच काही दिसतं. तिच्यातली ज्वारी बघा. जालन्याकडच्या दगडी ज्वारीला अलीकडेच भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच सुमारास लातूर जिल्ह्यातल्या कास्तीच्या कोथिंबिरीला, बोरसुरीच्या तूरडाळीला आणि पानचिंचोलीच्या चिंचेलाही मिळालं. म्हणजे आंबिलीच्या एका ग्लासात आणि शेजारच्या आमटीच्या वाटीत ही नावं भेटू शकतात. मडकं कुंभाराचं, आणि गोरा कुंभारांचं तेर लातुराहून तास-सव्वा तासावर. तुमच्या मुलीसाठी मी तेरचा एक पूर्ण दिवस राखून ठेवेन, त्याचं कारण पुढे सांगतो.

आता अडचणीचा भाग. येळवशीला कुणाच्या तरी शेतात आमंत्रण लागतं. ते मिळवणं तुम्हाला वाटतं तितकं अवघड नाही. आदल्या दिवशी लातुरात मुक्कामाला पोचा, ज्या लॉजवर उतराल तिथल्या माणसाला, रिक्षावाल्याला, दुकानदाराला सरळ सांगा की आम्ही नाशिकहून येळवस बघायला आलोय. मी पाठवलेले पाहुणे आजवर एकदाही उपाशी परतलेले नाहीत. या सणाला वाटेने जाणाऱ्यालाही हाक मारून जेवायला बसवण्याची रीत आहे. रिकाम्या हाताने जाऊ नका. पेढ्याचा खोका चालतो, पण नाशिकची द्राक्षं किंवा मनुके नेलेत तर त्या घरात पुढची दोन वर्षं तुमचं नाव निघेल. पैसे देऊ नका, फार वाईट वाटून घेतात. फोटो विचारून काढा आणि नंतर पाठवायला विसरू नका.

अमावस्या जमलीच नाही तर हुरडा. ज्वारी दाण्यात भरली की पौष-माघात, म्हणजे डिसेंबर अखेरपासून फेब्रुवारीपर्यंत, शेताशेतांत आगट्या पेटतात. जमिनीत खड्डा, त्यात गोवऱ्यांचा निखारा, निखाऱ्यात कोवळी कणसं. भाजलेलं कणीस तळहातावर चोळून दाणे मोकळे करणारा माणूस आगटीशेजारीच बसतो, त्याचे हात बघण्यासारखे असतात. सुरती आणि गुळभेंडी ही हुरड्याची नावाजलेली वाणं. बरोबर शेंगदाण्याची, लसणाची चटणी, गूळ, बोरं. हुरड्यावर पाणी न पिता ताक प्यायचं हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. आता रस्त्याकडेला तिकीट लावून हुरडा पार्ट्या होतात. तुमच्या आईसाठी त्या बऱ्या, कारण बसायला खाट आणि जवळ स्वच्छतागृह असतं. जिथे आगटी तुमच्यासमोर पेटते अशीच जागा निवडा. आतून भाजून आणलेला हुरडा थंड आणि चिवट झालेला असतो.

बाकी पेयांचं थोडक्यात सांगतो. जालन्याची मोसंबी प्रसिद्ध आहे, वाटेत रस घ्या, साखर आणि बर्फ नको म्हणून सांगा. घुंगरू लावलेल्या चरकाची रसवंती हिवाळ्यातही मिळेल, पण गुऱ्हाळ चालू दिसलं तर तिथे थांबून ताजा रस प्या आणि काकवीची बाटली घरी न्या. पुरणपोळीबरोबर गुळवणी आणि येळवणीची आमटी मागा. येळवणी म्हणजे शिजलेल्या डाळीवरचं काढलेलं पाणी, त्याची तिखट पातळ आमटी हिवाळ्यात भुरकून प्यायची असते. संभाजीनगरच्या जुन्या शहरात गुलमंडी, सिटी चौक, शहागंजच्या बाजूला संध्याकाळी कडक चहाच्या टपऱ्यांवर बसा. चहा चांगला असतोच, पण खरं तर तिथे दखनी ऐकायला बसायचं. 'हौ' आणि 'नक्को' यांनी भरलेली ही बोली मराठीच्या इतकी जवळ आहे की आपल्याला ती अर्धी आपलीच वाटते. याच शहराने उर्दू कवितेला वली आणि सिराज हे दोन मोठे कवी दिले. सतराव्या-अठराव्या शतकात दिल्लीच्या शायरांनी दखनच्या या भाषेकडे वळून पाहिलं त्यात वलींचा मोठा वाटा. ईदच्या दिवसांत आलात तर शीर-खुर्मा, आणि एरवी नान-खलिया. हे खाणं तुघलकांच्या फौजेबरोबर दिल्लीहून इथे आलं असं शहर सांगतं.

शिंदी आणि मोहाबद्दल बहुतेक पाहुणे चालकाला हळूच विचारतात, म्हणून मीच उघड सांगतो. नांदेडच्या तेलंगणाकडच्या भागात शिंदीची झाडं आहेत, आणि किनवटच्या जंगलात गोंड, कोलाम वस्त्यांमध्ये मोहाचं फूल हे अन्न, औषध आणि पूजेचं साहित्य आहे. पहाटे झाडावरून उतरवलेली नीरा गोड असते, ऊन चढलं की ती आंबते. परवाना असलेल्या विक्रेत्याकडे सकाळी लवकर मिळाली तर जरूर प्या. कुणी प्लास्टिकच्या बाटलीतून हातभट्टी आणून देतो म्हणाला तर घेऊ नका. त्यात काय मिसळलं आहे ते आणणाऱ्यालाही ठाऊक नसतं, आणि तिने माणसं मेलेली मी माझ्या तालुक्यात पाहिली आहेत. मोहाची फुलं वाळवून भाजून खातात, भाकरीत घालतात, ती चव आवर्जून घ्या.

आणि पाणी. पेयांच्या यादीत कुणी पाण्याचं नाव घेत नाही, पण मराठवाड्यात तुमच्यासमोर सगळ्यात आधी येतो तो पाण्याचा तांब्या, जुन्या घरात त्यासोबत गुळाचा खडा. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. माझ्या बहिणीच्या घरी तेव्हा आठवड्याला मोजून घागरी भरायच्या, आणि तरीही दारात आलेल्या पोस्टमनला तांब्या दिल्याशिवाय ती त्याला जाऊ देत नव्हती. तो तांब्या नाकारू नका. बाहेरचं पाणी पोटाला सोसत नसेल तर ओठाला लावून 'पुरे' म्हणा, तेवढ्यानेही मान राहतो. पाण्याचा हा धागा शहरातही धरता येतो. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी, म्हणजे आजचं संभाजीनगर, वसवली तेव्हा डोंगरातलं पाणी जमिनीखालून शहरात खेळवलं, ती नहर-ए-अंबरी. पुढे अठराव्या शतकातली पाणचक्की त्याच विद्येवर उभी राहिली. दूरच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून येतं, भिंतीच्या उंचीवर चढतं आणि धारेने खाली पडून चक्की फिरवतं. त्या चक्कीवर दर्ग्यात उतरलेल्या फकिरांसाठी पीठ दळलं जाई. मागच्या वेळी तुम्ही पाणचक्की दहा मिनिटांत उरकली असेल. या वेळी अर्धा तास वडाखाली बसून पाण्याचा रस्ता नजरेने मागे मागे न्या.

आता कापड. इथे मला सविस्तर सांगायचं आहे, कारण तुमची मुलगी यातलीच आहे आणि या बाबतीत माझ्या हातून चूक झालेली आहे. धंद्याच्या पहिल्या तीन-चार वर्षांत मी पाहुण्यांना एका दुकानात नेत असे. तिथे दारात एक माग मांडलेला, त्यावर एक म्हातारे कारागीर बसलेले. पाहुणे भारावून आत जायचे आणि हातमागाचा म्हणून यंत्रमागाचा माल घेऊन बाहेर यायचे. मला टक्केवारी मिळायची. एकदा त्याच कारागिरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की या मागावर सहा महिन्यांत एक शालसुद्धा पूर्ण झालेली नाही, मला इथे बसायचे पैसे मिळतात. त्या दिवसापासून मी दुकानाची टक्केवारी घेणं सोडलं. जी दहा-बारा कुटुंबं त्या मधल्या काळात माझ्यामुळे फसली त्यांचे पत्ते माझ्याकडे नाहीत, आणि ते मला अजूनही लागून राहिलं आहे. म्हणून हे नीट वाचा.

हिमरू आणि पैठणी या दोन्हींची परीक्षा उलट्या बाजूने करायची, पण दोन्हींच्या खुणा एकमेकींच्या विरुद्ध आहेत. हिमरू म्हणजे किनखापाची नक्कल. राजेमहाराजांच्या जरीच्या किनखापासारखं दिसणारं, पण सुताच्या ताण्यावर (उभ्या धाग्यांवर) रेशमाचा जादा बाणा (आडवा धागा) घालून विणलेलं. मुहम्मद तुघलकाने 1327 च्या सुमारास दिल्लीहून दौलताबादला राजधानी हलवली तेव्हा विणकर बरोबर आले अशी या कारागिरीची परंपरा सांगतात. हिमरूत नक्षीचा रेशमी धागा जिथे नक्षी नाही तिथे मागच्या बाजूला मोकळा तरंगतो. म्हणून अस्सल हिमरूची पाठ धाग्यांनी भरलेली, मऊ, किंचित जाड असते. त्यानेच ती शाल उबदार होते. एकट्या पाठीवरून मात्र यंत्राचा माल ओळखता येत नाही, कारण यंत्रमागही असे धागे सोडतो. तिथे कडा बघा आणि नक्षीची पुनरावृत्ती बघा. हाताने विणलेल्या कापडात दहाव्या फुलाचा दांडा पहिल्या फुलाइतका तंतोतंत नसतो. जुन्या पद्धतीत मागावर दोन माणसं लागत, एक विणणारा आणि दुसरा वर बसून नक्षीचे दोरे ओढणारा. असे माग आता शहरात बोटांवर मोजण्याइतके राहिलेत.

पैठणीचं उलट आहे. तिचा पदर आणि काठ विणताना प्रत्येक रंगाची वेगळी छोटी तिल्ली असते आणि शेजारच्या रंगाचे धागे एकमेकांत गुंतवून पुढे नेतात. त्यामुळे मागे तरंगता धागा नसतोच. पदर उलटा करा. सुलट बाजूला जो मोर तोच मोर उलट्या बाजूलाही तेवढाच स्वच्छ दिसला पाहिजे. मागे कापलेल्या धाग्यांची झालर किंवा जाळी दिसली की ती यंत्रमागाची, मग सांगणारा काहीही सांगो. दुसरी खूण अंगाची. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असला की कापड हलवल्यावर रंग पालटतो, त्याला धूप-छाँव म्हणतात. मुलीला विणकराकडून हे शब्द समजावून घ्यायला सांगा: असावली, बांगडी मोर, मुनिया, नारळी काठ. साध्या बुट्ट्यांची साडी मागावरून उतरायला महिना-दीड महिना लागतो, भरगच्च पदर असेल तर सहा महिने ते वर्षही जातं. हा हिशेब डोक्यात ठेवला की चार-पाच हजारांत 'हातमागाची पैठणी' सांगणाऱ्याकडून तुम्ही आपोआप बाहेर पडाल. साडी परवडत नसेल तर पैठणच्या विणकराकडून पदराचा छोटा तुकडा, चौकट करण्यासाठी, घ्या. त्याच पैशात यंत्राची साडी घेण्यापेक्षा तो तुकडा तुमच्या मुलीला जास्त शिकवेल. पैठण शहरापासून तासा-दीड तासावर आहे. तिथलं सरकारी पैठणी केंद्र बघा, माग चालू असण्याच्या वेळेत, म्हणजे जेवणाच्या सुट्टीच्या आधी पोचा.

पैठणला गेलात तर एकनाथ महाराजांचा वाडा आणि गोदावरीच्या काठची समाधी. नाथषष्ठी फाल्गुनात, म्हणजे तुमच्या सहलीत नाही. पण भारूड ऐकायला मिळालं तर सोडू नका. गोंधळी, वासुदेव, जोशी, रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाचं सोंग घेऊन सोळाव्या शतकात नाथांनी अध्यात्म सांगितलं, आणि आजही गावच्या सप्त्यात लुगडं नेसून उभा राहिलेला भारूडकार आधी हसवतो आणि मग गप्प करतो. डिसेंबरात सप्ते चालू असतात. रस्त्याने जाताना मंडप आणि कर्णा दिसला की गाडी थांबवायची. आईंना मागे सतरंजीवर जागा नक्की मिळेल.

आता तेर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक भाषेतल्या व्यापारी नोंदीत पैठण आणि तगर ही दोन शहरं आहेत. त्यात लिहिलंय की पैठणहून तगर दहा दिवसांच्या वाटेवर, आणि तगरहून कापड भडोचच्या बंदराला जातं. तगर म्हणजेच तेर. तुमच्या मुलीला हे सांगा की ती जे शिकते आहे त्याचा इथल्या मातीतला लेखी पुरावा जवळपास दोन हजार वर्षांचा आहे. तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात रोमशी झालेल्या व्यापाराच्या खुणा आणि हस्तिदंताची छोटी स्त्रीमूर्ती बघायला मिळते. इटलीतल्या पॉम्पेईत सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचं साम्य अभ्यासकांनी दाखवलेलं आहे. जवळच त्रिविक्रमाचं विटांचं मंदिर आहे, मागे गोल आणि वर गजपृष्ठ, म्हणजे हत्तीच्या पाठीसारखं, छत. मूळची ती बौद्ध चैत्यासारखी वास्तू. बाहेरून साधी वाटते, पण विटांतली या काळाची एवढी वास्तू उभी राहिलेली महाराष्ट्रात विरळा. आणि मग गोरोबा काकांचं मंदिर.

तेरहून तुळजापूर फार लांब नाही. दर्शनाची रांग आईंना जड जाईल, म्हणून अमावस्या-पौर्णिमा आणि मंगळवार-शुक्रवार टाळा. देवळाबाहेरच्या गल्ल्यांत कवड्यांच्या माळा ओवणारे बसलेले असतात. आराधी बायकांच्या गळ्यात ती माळ, हातात परडी आणि पोत, म्हणजे पेटता पलिता, असतो. ती वस्तू शोभेची म्हणून विकत घ्यायला हरकत नाही, पण ज्या बाईच्या गळ्यात आहे तिच्याकडे 'ही कितीला' असं विचारू नका. ती तिची दीक्षा आहे. गोंधळ बघायचा असेल तर घरच्या लग्नानंतरचा गोंधळ बघा. संबळ, तुणतुणं, झांज आणि दिवटी, एवढ्यावर रात्र उभी राहते. सुरुवातीला गोंधळी एकेका गावच्या देवाला नाव घेऊन गोंधळाला बोलावतो, तेव्हा सगळा महाराष्ट्र त्या अंगणात चालत आल्यासारखा वाटतो. माझ्या लग्नाच्या गोंधळात माझे वडील त्या आवाहनालाच रडले होते. मार्गशीर्षात लग्नं असतात, चौकशी करा.

लेणी परत बघायची का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण मुलीसाठी अजिंठ्याचा अर्धा दिवस काढा. या वेळी फक्त पहिलं आणि सतरावं लेणं. पहिल्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर सगळे थांबतात. तुम्ही मान वर करून छत बघा. उंच टोप्या घातलेले परदेशी पुरुष हातात पेला घेऊन बसलेले दिसतील. पेयांच्या शोधात निघालेल्या माणसाने दीड हजार वर्षांपूर्वीची ती बैठक बघायलाच हवी. आणि भिंतींवरच्या माणसांचे कपडे बघा, पट्टेदार, बुट्टेदार, तलम. हिमरूच्या विणकरांनी त्यांची कितीतरी नक्षी इथून उचललेली आहे. छोटी विजेरी न्यायला हरकत नाही, पण चित्रांवर प्रखर उजेड टाकू नका. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. तिसरी जागा म्हणजे विद्यापीठामागच्या डोंगरातली औरंगाबाद लेणी. सातव्या लेण्याच्या गाभाऱ्यात मधोमध नाचणारी स्त्री आणि भोवती वाद्यं वाजवणाऱ्या स्त्रिया आहेत. तिथे गर्दी नसते, त्यामुळे वाद्यं एकेक करून ओळखता येतात. पायऱ्या आहेत. आईंना खाली नागसेनवनात झाडांच्या सावलीत बसवा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 मध्ये सुरू केलेलं मिलिंद महाविद्यालय तिथेच आहे, आणि मराठवाड्यातल्या कविता-गाण्याची एक मोठी धारा त्या आवारातून वाहत आली आहे.

दौलताबाद ते खुलताबाद रस्त्यावर कागजीपुरा लागतो. हातकागदाचं गाव, परंपरा तुघलकांच्या काळापासूनची. चिंध्यांचा लगदा पाण्यात ढवळून जाळीवर उचलतात तो क्षण मुलीला बघू द्या, जमल्यास एक कागद तिला स्वतः उचलू द्या, आणि वह्या तिथूनच घ्या. खुलताबादेत मलिक अंबरची कबर आहे. ज्याच्या नहरीचं पाणी आधी पाहिलंत त्याच माणसाची.

सहा दिवस असे बसतील: दोन दिवस शहर, पैठण आणि कागजीपुरा, अर्धा दिवस अजिंठा, मग लातूरकडे, हा प्रवास पाच-सहा तासांचा, वाटेत अंबाजोगाईला आद्यकवी मुकुंदराजांच्या समाधीपाशी आणि हत्तीखाना लेण्यांत थांबा, मग येळवस, मग तेर आणि तुळजापूर. नांदेडचा गुरुद्वारा, औंढा नागनाथ, नळदुर्ग हे सगळं फार चांगलं आहे आणि या खेपेत बसत नाही. ओढूनताणून बसवाल तर एकही घोट नीट पिणं होणार नाही.

शेवटी येळवशीचं व्यवहाराचं सांगून ठेवतो. अमावस्या कधी दोन तारखांत विभागते, सण नेमका कुठल्या दिवशी ते आठवडाभर आधी लातुरात फोन करून विचारा. त्या दिवशी शहरात संचारबंदी असल्यासारखा शुकशुकाट असतो, हॉटेलं आणि बहुतेक दुकानं बंद. गाडीत डिझेल आदल्या रात्री भरा, आईंच्या गोळ्या जवळ ठेवा, सकाळच्या चहाची सोय लॉजवर आधी सांगून करा. शेतात बसायला पातळ सतरंजी आणि उन्हाला टोपी. नाश्ता करू नका. अकराच्या सुमारास शेतावर पोचाल तेव्हा पहिली बिंदगी नुकतीच उघडलेली असेल.